न भाजलेला राब

मामा गेल्याचा फोन चैत्रात आला. येत्या रविवारी मुळशीला जाऊन त्यांना एक गोष्ट सांगायचीच, असं मी ठरवलं होतं. असे कितीतरी रविवार ठरवले होते... आता महिना उलटला, ती गोष्ट माझ्यापाशीच राहिली आहे.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मामांकडे राहून शाळा शिकलो. पुढे पुण्याच्या खोलीवरही त्यांच्याच खाचरातला तांदूळ यायचा. एसटीच्या टपावरून पोतं उतरवून ते स्वतः खांद्यावर आणत. मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले.

त्याच उत्साहात एका उन्हाळ्यात मी त्यांना हवामानबदल समजावला. कोळसा, पेट्रोल, कार्बन, तापणारी पृथ्वी... समोर राब रचलेला होता. भाताची रोपं करायच्या जागेवर छाटलेल्या फांद्या, पाला, शेण पसरून पावसाआधी जाळतात, म्हणजे तण मरतं. त्याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. मी म्हणालो, "मामा, ह्याचा धूरही त्यातच जातो."

"व्हय?" मामांनी हातातली काडेपेटी खिशात घातली. "मग न्हाई भाजत. शब्द हाय माजा."

मला केवढा अभिमान वाटला होता! त्या पावसात रोपांपेक्षा तणच जोरात आलं. मामा-मामी चिखलात वाकून ते उपटत राहिले. शेजारी बांधावरून विचारायचे, "काय ओ, झाली का पृथ्वी गार?"

"हुतीया की! तुमीच मागं ऱ्हायलाय," मामा हसायचे. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच.

नोकरीत वाचत गेलो, तसं उमजत गेलं. छाटलेली झाडं पुन्हा फुटतात, धुरातला बराचसा कार्बन परत ओढून घेतात. युगानुयुगं जमिनीत गाडलेला कोळसा जाळणं वेगळं. आणि समोरच्या डोंगरावर तर सुट्टीतले बंगले उठत होते. तिकडे सांगायला मी कधी गेलो नाही. ऐकून घेणारा एकच माणूस होता, त्यालाच सांगून आलो...

गेल्या हिवाळ्यात जगभरचे नेते हवामानावर बोलायला परदेशात जमले होते. आम्ही टीव्ही बघत होतो. बंधनकारक करार झाला नाही, असं बातमीत आलं. मामा म्हणाले, "एवढी मोठी मान्सं, आन् एकालाबी शब्द देता येत न्हाई?" तेव्हाच म्हणायला हवं होतं, मामा, तुमचा शब्द मी परत करतो. मी चहाचा कप उचलून आत ठेवायला गेलो.

तेराव्यानंतर मामीला म्हणालो, "मामी, औंदा राब भाजा. माझंच चुकलं होतं."

 मामी म्हणाली, "आरं, तू सांगतुयास खरं. पर त्येंनी दिल्याला शब्द म्या कसा मोडू?"

परवा बांधावर उभा होतो. आजूबाजूच्या सगळ्या खाचरांत भाजलेल्या राबाचे काळे चौकोन दिसत होते. मधे मामांचा तुकडा तेवढा वाळल्या गवताने पिवळा.