भाड्याचा गडी आणि वेल्ह्याची वाट

भोरच्या शेटजींचं पत्र आलं तेव्हा मी छापखान्यात खिळे जुळवत होतो. पत्र दोन ओळींचं. माघाच्या जत्रेत हुतूतूचे सामने आहेत, आमच्या संघातून खेळायला या, येण्याजाण्याचा खर्च, राहणं, खाणं आणि वर बिदागी आमच्याकडे. पुण्याच्या तालमीत माझा दम बरा मानला जायचा, तरी खेळायचे पैसे मला आजवर कुणी दिले नव्हते. आठ दिवसांची रजा टाकली. बायको, यमुना, म्हणाली, "खेळायला पैसे देतात? मग जाच. आणि तोरणा बघून या, नुसती धोतरं मळवून येऊ नका." तोरण्याचं आमच्या घरात कित्येक वर्षं नुसतं बोलणंच चाललं होतं.

तुम्ही जाणार असाल तर पहाटेची मोटार धरा. स्वारगेटाजवळून सुटते, भोरपर्यंत बारा आणे. मागे बसलात तर कात्रजच्या घाटात धुळीनं पांढरे व्हाल, म्हणून एक आणा जास्त गेला तरी पुढची जागा मागा. बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम दक्षिणेकडचं खोरं उघडतं. आमचे ड्रायव्हर हुसेनभाई भोरचेच. त्यांनी वळणावर गाडी हळू केली आणि हातानंच दाखवलं, "तो राजगड. त्याच्यामागं तो काळा दिसतोय ना, तोरणा." मी इतकं वाकून पाहिलं की टोपी उडाली. ती आणायला हुसेनभाईंनी गाडी थांबवली, आणि कुणी कुरकुर केली नाही.

नसरापूरच्या फाट्यावर भजी आणि चहा झाला. दुपारी भोर. गाव नीटनेटकं, नीरेच्या काठावर पसरलेलं, बाजारपेठेत माणूस मावत नव्हता. शेटजींची लाकडाची वखार नदीकडच्या अंगाला होती आणि आमची सोय तिथेच. काय ती सोय! गाद्या, मालिश करायला माणूस, सकाळी बदाम घातलेलं दूध, नवे कोरे लंगोट आणि बनियन. नऊ गड्यांपैकी भोरचे दोनच. बाकीचे आम्ही पुण्याचे, साताऱ्याचे, एक तर मिरजेचा. मी मनात म्हटलं, असं खेळायला मिळत असेल तर कोण नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी आमचा सामना सहज झाला. मग मी काठावर बसून वेल्ह्याचा सामना बघायला लागलो, आणि पुढचा तासभर मला दुसरं काही सुचलं नाही.

तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याचे गडी चालत आले होते. फडक्यात बांधलेली भाकरी, अंगावर रोजचेच कपडे. त्यांच्यात धोंडिबा नावाचा एक तिशीचा शेतकरी होता, उंचीनं बेताचा, पिंढऱ्या मात्र दगडासारख्या. तो "हुतूतू" म्हणत रेघ ओलांडायचा आणि त्याचा आवाज संपायचाच नाही. समोरचे गडी त्याच्या दमाला कंटाळून हालचाल करायचे, आणि तेवढ्यात त्याचा हात लागलेला असायचा. एकदा चौघांनी त्याला धरलं. चौघांना ओढत तो रेघेवर आला, आणि आवाज तसाच, विहिरीतल्या मोटेसारखा एकसारखा. एवढा दम मी जन्मात पाहिला नव्हता. मी उठून उभा राहिलो होतो हे मला शेजाऱ्यानं धोतर ओढल्यावर कळलं.

अंतिम सामना आमचा आणि त्यांचा ठरला. त्याच संध्याकाळी, उन्हं उतरायच्या आत, शेटजींनी धोंडिबाला वखारीत बोलावलं. आम्ही सगळे तिथेच होतो. आवारात खिल्लारी बैलांची जोडी बांधली होती, पांढरीशुभ्र.

"उद्या आमच्याकडून खेळ," शेटजी म्हणाले. "जोडी तुझी."

धोंडिबा बैलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इचारून येतो."

तो परत आला तो एकटा नाही. सोबत त्यांचे कारभारी राघूआबा होते, पन्नाशी ओलांडलेले, मिशा पांढऱ्या. मला वाटलं, आता भांडण होणार. आबा बैलांभोवती एकदा फिरले, एकाचं तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, "याचा येक बैल सरावनात गेला. येका बैलावर काय नांगरट व्हतीया? घ्या त्याला. पर शेटजी, येक अट हाय. जितला न्हाईतर हरला, जोडी त्याचीच. मंजी गडी मोकळ्या मनानं खेळंल."

"शब्द दिला," शेटजी म्हणाले. तो शब्द त्यांनी पाळला, हेही इथे लिहायला हवं.

मला रागही आला आणि लाजही वाटली. धोंडिबा विकला गेला म्हणून राग. आणि लाज कशाची, तर मी स्वतः दोन दिवस कुणाचे बदाम खात होतो?

अंतिम सामन्याला नदीकाठी माणसांची भिंत उभी राहिली होती. वेल्ह्याकडे नववा गडी नव्हता, म्हणून आबा स्वतः कासोटा घालून उतरले. लोक हसले. धोंडिबा आमच्या बनियनमध्ये पहिल्यांदा चढाईला गेला आणि त्यानं आपल्याच दोन शेजाऱ्यांना बाद केलं. त्यातला एक भिकू, विशीतला, आबांचा पुतण्या. तो बाहेर जाताना धोंडिबाच्या पायाजवळ थुंकला. धोंडिबानं मान खाली घातली, खेळ मात्र सोडला नाही. कुठेही हात आखडला नाही.

वेल्हेकर पडत होते, उठत होते, एकेक गुण ओरबाडून घेत होते. मला दोनदा त्यांनी असं दाबलं की नाकात माती गेली. शेवटी आमचा एकच गुण वर उरला आणि धोंडिबाची चढाई आली. त्यानं डावीकडे हूल दिली, आणि आबांनी त्या हुलीकडे बघितलंही नाही. ते सरळ उजव्या टाचेवर पडले. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी घोटा धरला, वर बाकीचे कोसळले. त्या ढिगाऱ्यातून "हुतूतू" येत राहिलं. येत राहिलं. मैदान चिडीचूप. मग तो आवाज तुटला, आणि जी आरोळी उठली ती नदीपलीकडे गेली असेल. बरोबरी झाली होती.

सामना तरी आम्हीच जिंकलो. मिरजेच्या गड्यानं शेवटच्या चढाईत एकाला टिपलं. ढाल आम्हाला मिळाली, पण लोकांनी खांद्यावर घेतलं ते आबांना.

शेटजींची मोटार पुण्याला निघाली होती. मी बसलो नाही. आबांना विचारलं, "तोरणा बघायचाय. तुमच्याबरोबर येऊ?"

"चला की," आबा म्हणाले. "वाट काय कुनाच्या बापाची हाय व्हय?"

बैल बरोबर म्हणून आम्ही डोंगरातली पायवाट सोडून गाडीरस्त्यानं गेलो. पहिला मुक्काम नसरापूर. तिथे बनेश्वराच्या झाडीत थंडगार पाणी आहे, पाय सुजले असतील तर तिथेच बसा. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला वळलो. मार्गासनीच्या पुढे डावीकडे राजगड सरकत राहतो आणि समोर तोरणा मोठा होत जातो, इतका की दुपारनंतर मान वर केल्याशिवाय माथा दिसत नाही. खायला ज्वारीची भाकरी, कांदा आणि एका घरी ताक मिळालं. पैसे विचारले तर घरच्या बाई रागावल्या.

धोंडिबा पुढे बैल घेऊन, भिकू सगळ्यात मागे. दोन दिवसांत भिकूनं त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता. ओढ्याच्या उतारावर नवे बैल पाण्याला बुजले आणि खुरं रोवून उभे राहिले. धोंडिबानं ओढलं, चुचकारलं, काही उपयोग नाही. तेव्हा भिकू मागून आला, कासरा हातात घेतला, बैलाच्या कानाजवळ काहीतरी पुटपुटला आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरला. बैल निमूट मागे गेले. पलीकडे पोचून तो म्हणाला, "शेटनं ह्यास्नी नुसतं खाऊच घातलंय. शिकिवलं काय बी न्हाई." सगळे इतके हसले की मीही हसलो, आणि तो टोमणा आपल्यालाही लागू आहे हे मला मागाहून कळलं.

चालता चालता मी धोंडिबाला विचारलं, "वाईट वाटलं का?"

"दुसऱ्याकडनं खेळताना आवाज माजा मलाच परका वाटत हुता," तो म्हणाला. "आबानी घोटा धरला तवा म्हनलं, व्हय, ही आपली मानसं. लई बरं वाटलं बगा."

वेल्ह्यात बायकांनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. त्या जोडीनं नऊही घरांची नांगरट करायची हे भोरातच ठरलं होतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं.

तोरण्याची चढण उजाडताच सुरू करा. वाटाड्याला मी चार आणे देऊ केले, पण धोंडिबाच आला. सोंडेवर वाळलेल्या गवतावरून पाय घसरतो, वहाणा हातात घ्या. पुण्यात माझ्या दमाचं कौतुक होतं, इथे मी पाच वेळा बसलो. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई मला ओलांडून गेली, आणि जाता जाता धोंडिबाशी गप्पाही मारत होती! ह्यांचा दम कुठून येतो ते तेव्हा समजलं. मेंगाईच्या देवळापाशी पोचलो आणि पुढे झुंजार माचीवर जाऊन उभा राहिलो. खाली कडा सुटलेला, घारी आपल्या पायाखाली उडताहेत, एकामागे एक डोंगर निळे होत कोकणात उतरताहेत.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. शेटजींनी पैसा ओतला नसता तर तो सामना तसा रंगला नसता, आणि ते बैलही आले नसते. पण वेल्हेकरांनी जिंकायला हवं होतं, हेही तितकंच खरं. यमुनेनं विचारलं, "मग न्याय कुठला?" पुढच्या वर्षीचं शेटजींचं बोलावणं एवढ्यातच आलं होतं, ते मी नाकारलं आणि आबांना लिहिलं, की येत्या माघात मी तुमच्याकडून खेळतो, एक पैसा नको.

काल शाळामास्तरांच्या अक्षरात आबांचं कार्ड आलं. "तुमचं मन मोठं आहे. पण तुम्ही उतरलात तर आमच्यातल्या एकाला बाहेर बसावं लागेल. कुणाला बसवू ते तुम्हीच कळवा."

मी नऊ जणांचे चेहरे एकेक करून आठवले. मग उलट टपालानं लिहिलं, कुणालाच नको. मी काठावर बसून ओरडायला येतो.