रानात जेवून गेलेला माणूस

नोकरीतले बरेच गुन्हे मी विसरलो, पण ही एक घटना काही डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी अक्कलकोटकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. करोनाच्या काळातली सरकारी मदत शेतकऱ्यांच्या खात्यांवर जमा झाली होती.

एके सकाळी एक म्हातारी तक्रार घेऊन आली. तिच्या खात्यावरची मदत कोणीतरी काढून घेतली होती. बँक म्हणत होती, पैसे अंगठा लावून काढलेत आणि अंगठा हिचाच आहे. सोबत आलेला मुलगा तोडून बोलला, "कुनी चोरलं न्हाईत सायेब. हिनं लेकीला दिल्यात. बहिनीला सांगितलंय मी, माझ्या दारात येऊ नगंस."

म्हातारीने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरगुती मामला म्हणून अर्ज निकाली काढता आला असता. पण खबऱ्याने कळवलं की त्याच गावातल्या आणखी काही बायकांची हीच रड आहे. बँकेचे उतारे मागवले. सगळ्यांचे पैसे एकाच दुपारी, गावातल्या सेवा केंद्राच्या मशीनवर निघाले होते.

केंद्रचालक शहरातला, बोलायला गोड. म्हणाला, "साहेब, मशीन खोटं बोलत नाही. बायका केंद्रावर आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, मी पैसे हातात दिले." मी त्याला अडवलं नाही. खोटं बोलणाऱ्याला भरपूर बोलू द्यावं. जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली.

उतारा चाळताना आमचे हवालदार एकदम हसले. ते त्याच भागातले. "सायेब, ही तारीख वेळा अमावस्येची हाय की! त्या दुपारी गावात कुत्रं बी नसतंय. समदी रानात."

खरंच होतं. वेळा अमावस्या हा तिकडचा रानातला सण. त्या दिवशी घरोघरची माणसं शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील घेऊन शेतात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा करतात आणि बांधावरून जाणाऱ्या परक्यालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मग केंद्रावर रांग कोणी लावली? हे विचारताच केंद्रचालक तारीख चुकली असेल म्हणू लागला.

मी म्हातारीला पुन्हा बोलावलं. "आजी, त्या दिवशी हा केंद्रचालक तुमच्या रानात आला होता?"

तिने मान खाली घातली. "आला की. पोटभर जेवला. मग मशीन काडून म्हनला, आजी, अंगठा ठिवा, न्हाय तर मदत बंद हुईल."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आपल्या रानात जेवून गेलेल्या मानसावर आळ कसा घ्यावा, सायेब?"

मला त्या माणसाची मनापासून चीड आली. बाकीच्या बायकांनीही हेच जबाब दिले. तो रानोरान जेवत आणि अंगठे घेत फिरला होता. संध्याकाळपर्यंत त्याने कबुली दिली. गुन्हा नोंदवला, रक्कम जप्त केली, पुढे दोषारोपपत्रही गेलं.

अंगठा खरा असला म्हणून त्यामागची हकीकत खरी ठरत नाही, हे मी या तपासात शिकलो. आणखी एक शिकलो. फिर्यादीत लिहिलेलं नुकसान आणि माणसाचं खरं नुकसान वेगळं असू शकतं. पैसे कोर्टामार्फत परत मिळतील, असं मी म्हातारीला सांगितलं, तर ती म्हणाली, "पैशाचं ऱ्हाऊ द्या. माज्या लेकाला हितं बोलवा, आन म्या पैसं लेकीला दिलं न्हाईत, एवढं त्याला तुमच्या तोंडानं सांगा."

मी त्याला बोलावलं आणि टेबलासमोर उभं करून सांगितलं.  त्याने खिशातून फोन काढून तिथूनच बहिणीला लावला.