हजेरीकाकूंचे खरे तास

माझी धाकटी जाऊ अभ्यासिका चालवते. मुलं तिला पाठीमागे 'हजेरीकाकू' म्हणतात, ते काही चूक नाही. चाळीस खुर्च्या, प्रत्येकीला नंबर. दर तासाला ही चपला न वाजवता फेरी मारणार, जो जागेवर असेल त्याच्यापुढे वहीत खूण करणार आणि संध्याकाळी सातला ज्याच्या त्याच्या घरी तास कळवणार. एकोणीस वर्षांत एक खूण इकडची तिकडे नाही. सख्ख्या भाच्याचीसुद्धा चहाची वीस मिनिटं कापते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी तिच्याकडे राहिले होते. घरात जीव रमेना, म्हणून अभ्यासिकेच्या दाराशी वाचत बसायचे. चौदा नंबरला एका नर्सची मुलगी असे. सतरा वर्षांची. शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही, म्हणून सगळे तिला 'पहिली'च म्हणत. आईच्या ड्युट्या बारा-बारा तासांच्या. लेकीवर नजर ठेवायची ती या वहीतूनच. पोरगी रोज साडेदहा तास बसे, पाण्यालासुद्धा उठत नसे. पण तिच्यापुढचं पान बदलतच नव्हतं. हृदयाची एकच आकृती, नऊ दिवस!

"अगं, ती वाचत नाहीये," मी जावेला सांगितलं.

"जाऊबाई, मी तास मोजते. पानं मोजत बसले तर झालंच."

मग मी नर्सलाच फोन लावला. "आजी, ताई रोज साडेदहा तास कळवतात," ती म्हणाली. "एवढ्या लांबून तुम्हाला पान दिसतं तरी का?" चष्मा आहे मला, आंधळी नाही मी!

दुसऱ्या दिवशी पोरगी स्वतःच जावेच्या टेबलाशी आली. नखं कुरतडून बोटं लाल झालेली.

"काकू, आठवडाभर माझे दोनच तास लिहा ना."

"का गं? छान बसतेस की."

"कमी दिसले तर आई विचारेल, काय झालं म्हणून. मला आपणहून नाही सांगता येत."

"खोटं लिहू? उद्या सगळेच मागतील."

"ते जास्त मागतील, काकू. कमी कोण मागतं?"

जावेनं वहीवर हात ठेवला, जशी काही पोरगी ती हिसकावूनच घेणार होती. मी तोंड उघडलं, तर "तुम्ही यात पडू नका." संध्याकाळी साडेदहा तासच कळवले.

पाचव्या दिवशी सराव परीक्षेत पोरीनं पेपर कोरा ठेवला आणि बाकावरून हलेचना. उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

नर्स पुस्तकं न्यायला आली. "औषधांवर झोपून असते. महिनाभर पुस्तक दाखवू नका म्हणालेत डॉक्टर." मग जावेला म्हणाली, "ताई, तुमच्यापाशी काही बोलली होती का हो?"

जाऊ वहीचे कोपरे सरळ करत राहिली. शेवटी मीच सांगितलं, शब्द न् शब्द. नर्सनं पुस्तकं स्टुलावर ठेवली. आता ही जावेला फाडून खाणार, असं मला वाटलं. खायलाच हवं होतं.

"म्हणजे कळवलेले तास खरे होते ना?"

"एकेक तास," जाऊ म्हणाली.

"मग ठीक आहे. महिन्याचाच प्रश्न. तिची खुर्ची तेवढी कुणाला देऊ नका."

"छे, असं कसं देईन!"

जावेनं पट्टी घेऊन तीस रकाने आखले आणि प्रत्येकात वळणदार अक्षरात 'रजा' लिहिलं. नर्स वाकून बघत होती.

"पंचवीसच ठेवा, ताई," ती म्हणाली. "परीक्षा तोंडावर आलीय."

जावेनं शेवटचे पाच खोडले.