किल्कीच्या खडकांवरचं वैर

विनय पारखीला लिमरिक या आयरिश शहरातली सगळी मराठी मंडळी ओळखायची आणि त्यातली बरीचशी त्याला टाळायची. माणूस वाईट नव्हता, पण भांडण एकदा लागलं की सोडायचा नाही. नागपूरहून येऊन तो वैद्यकीय नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला होता. माल बिघडला की का बिघडला हे शोधायचं, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी टीम लीडरची जागा निघाली तेव्हा ती ज्ञानेश भुसारीला मिळाली. ज्ञानेश नाशिकचा, विनयच्या नंतर आलेला, हसतमुख, चारचौघांत मिसळणारा. त्या दिवसापासून विनय त्याच्याशी कामापुरतं बोलायचा, तेही दुसरीकडे बघत.

दोघांना एकत्र आणणारी एकच गोष्ट उरली होती, मासेमारी. कारखान्यातला फोरमन डोनल शनिवारी गाडी काढायचा आणि दोघांना किल्कीच्या खडकांवर न्यायचा. तिथे समुद्राच्या तळाशी खडकच खडक. गळाला बांधलेलं शिशाचं वजन कपारीत अडकायचं, दोर तुटायचा, वजन गेलं. दुकानातून किती आणणार? डोनलने एका जुन्या घराच्या छपरावरून उतरवलेले शिशाचे पत्रे विनयला दिले आणि म्हणाला, "घरीच ओत. सोपं आहे. ग्रँड होईल."

विनयने मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गॅसची छोटी शेगडी मांडली. लोखंडी भांडं आणलं, पळी आणली, ॲल्युमिनियमचा, बिजागरीने जोडलेल्या दोन पाकळ्यांचा साचा आणला. बायकोने, नीलिमाने, पहिल्याच दिवशी बजावलं, "शेडमधले कपडे घरात आणायचे नाहीत. हात धुतल्याशिवाय तन्वीला हात लावायचा नाही. आणि माझ्या स्वयंपाकघरातली एक वस्तू तिकडे गेलेली दिसली तर बघ." तन्वी त्यांची सात वर्षांची मुलगी.

"मला शिकवू नकोस," विनय म्हणाला, पण ऐकलं.

वजनं निघाली ती सुरकुतलेली. अंगावर घड्याच घड्या, जणू ओतता ओतता शिशाने अंग चोरलं होतं. टोकं नीट भरलेली नव्हती. समुद्राला त्याचं काय, म्हणून विनय तशीच घेऊन गेला. खडकावर ज्ञानेशने त्यातलं एक उचललं आणि बोटांत फिरवलं.

"हे काय रे? सुकलेलं बोर?" त्याने ते डोनलला दाखवलं. "कारखान्यात हाच दुसऱ्यांचा माल नापास करतो बरं का."

डोनल हसला. त्याच्या हसण्यात काही नव्हतं, तो कशालाही हसायचा. पण विनयचे कान तापले.

"काऊन बे, तुला ओतता येते का?" नागपूर त्याच्या तोंडून रागातच बाहेर यायचं.

"माझ्या काकांचा ओतकामाचा कारखाना आहे अंबडला. सुट्ट्या तिथेच काढल्यात मी. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तुला विचारायची वेळ येणार नाही."

पण वजनं काही सुधारेनात. विनयने शिसं अधिक तापवलं, हळू ओतलं, मग भराभर ओतलं. वरची काळी मळी काढून टाकली. प्रत्येक वजन निघालं की ते गार होईपर्यंत थांबायचं, चष्मा कपाळावर ढकलून उजेडात धरायचं, सुरकुत्या बघायच्या आणि शिवी देऊन परत भांड्यात टाकायचं. घरात आला की नीलिमावर चिडायचा, तन्वीच्या टीव्हीवर चिडायचा. शेवटी नीलिमाच वैतागली. तिने ज्ञानेशला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन ओट्यावर ठेवला. विनय दारात उभा होता. तो ऐकत तिथेच थांबला.

"साच्याला तेल असेल," ज्ञानेशचा आवाज आला. "नवीन साच्याला बनवतानाचं तेल तसंच राहिलेलं असतं. साबणाच्या गरम पाण्याने घासून धू म्हणावं त्याला. पण नंतर पूर्ण वाळवायला सांग, नीट तापवून. आत थेंबभरही पाणी राहता कामा नये."

"ऐकलंस ना?" नीलिमाने फोन ठेवल्यावर विचारलं.

"मी बहिरा नाही."

त्याने साचा धुतला. फडक्याने पुसला. बाहेरून कोरडा दिसत होता. बिजागरीच्या फटीत पाणी राहिलंय हे पाहण्याइतका धीर त्याला नव्हता. ज्ञानेशचं ऐकून सुरकुत्या जातात की नाही हे त्याला लगेच बघायचं होतं, आणि खरं तर जाऊ नयेत असंच वाटत होतं. त्याने पळी वाकवली. फट्कन आवाज झाला आणि वितळलेलं शिसं साच्यातून उलटं उडालं. डोळे चष्म्याने वाचले. मानेवर आणि भुवईवर थेंब बसले.

नीलिमाने त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. मानेवर पट्टी आणि तिच्याभोवती लाल कातडी घेऊन तो परतला तेव्हा तन्वी दारातच होती. "डॅड, युअर नेक इज ऑल रेड," ती म्हणाली आणि आईच्या मागे लपली.

त्यानंतर विनयने जो भेटेल त्याला एकच सांगितलं: ज्ञानेशने साचा धुवायला लावला, म्हणून हे झालं. आधी "त्याने सांगितलं म्हणून" होतं, मग "त्याला माहीत असणारच" झालं, आणि गणपती येईपर्यंत "त्याने मुद्दाम केलं" इथवर गेलं. लोक ऐकून घ्यायचे. काहींनी ज्ञानेशकडे जरा निराळ्या नजरेने पाहायला सुरुवातही केली.

त्या वर्षी मराठी मंडळींचा गणपती गिरीश आणि कौमुदी या जोडप्याच्या घरी बसला होता. आरती झाली, ताटं वाढली गेली. ज्ञानेश ताट घेऊन विनयच्या समोर आला.

"मान कशी आहे?"

"तुला कशाला पाहिजे? डोळा गेला नाही म्हणून वाईट वाटतंय का?"

कौमुदी मोदकांचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"विनय, सणाच्या दिवशी नको," गिरीश म्हणाला.

"नको कशाला? सगळ्यांना कळू दे. ह्याने मला साचा धुवायला लावला. काकांचा कारखाना आहे ना ह्याच्या! पाण्यावर शिसं पडलं की काय होतं हे ह्याला माहीत नव्हतं?"

ज्ञानेश काही बोलायच्या आत नीलिमाचा आवाज आला. ती कोपऱ्यात तन्वीला भरवत होती, आणि तिने मान वर केली नाही.

"त्याने वाळवायलाही सांगितलं होतं. थेंबभर पाणी राहता कामा नये म्हणाला होता. मी ऐकलंय. तूही ऐकलंयस."

परतताना विनय गाडी जरा जोरातच चालवत होता.

"तू माझ्या बाजूने आहेस की त्याच्या?" विनयने विचारलं.

"मी फोनच्या बाजूला होते."

"चारचौघांत माझं नाक कापलंस."

"आणि तू त्याचं काय कापत होतास?"

घरी पोचल्यावर ती तन्वीला घेऊन वर गेली. पुढचे कित्येक दिवस दोघं एका घरात राहून कामापुरते निरोप दिल्यासारखं बोलत होती.

विनय शेडमध्ये गेला तो चिडूनच. पण या वेळी त्याने कारखान्यातल्यासारखं काम केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी साचा शेगडीच्या कडेला ठेवून चांगला तापवला, बिजागरी उघडी ठेवून. मग ओतलं. पहिलं वजन सुरकुतलेलं निघालं. ते न्याहाळत बसला नाही, बाजूला टाकून लगेच दुसरं ओतलं, मग तिसरं. घड्या कमी होत गेल्या आणि थोड्या वेळाने अंग गुळगुळीत निघालं, टोकं धारदार भरलेली. घाई आणखी वाढवली तेव्हा वजनं पांढरट, खरखरीत निघायला लागली. साचा फार तापला होता. मग त्याने ओतण्याचा वेग जरा कमी केला.

शिसं कधीच गार नव्हतं. गार होता तो साचा. प्रत्येक वजन हातात धरून चूक शोधत बसायचा तेवढ्यात साचा निवायचा, आणि पुढचं वजन सुरकुतायचं. मग त्याने पहिल्यासोबतच आणलेला, अजून न धुतलेला दुसरा साचा डब्यातून काढला. तोही तसाच तापवला आणि त्यात ओतलं. वजनावर घड्या आल्या आणि तेलकट डाग पडले. म्हणजे तेलाचंही खरं होतं. तो साचा त्याने धुतला आणि उन्हात दिवसभर उघडा ठेवला.

पुढच्या शनिवारी डोनलने दोघांनाही बोलावलं. तो कुणाची भांडणं ध्यानात ठेवत नसे. खडकावर वारा होता. ज्ञानेशने विनयच्या पेटीतलं एक वजन पाहिलं, हात मात्र लावला नाही.

"जमलं की."

"साचा गार राहत होता."

"आणि तेल?"

विनयने दोर गुंडाळला. "तेलही होतं."

"मग हे गिरीशच्या घरी सांग. तिथे सगळ्यांसमोर बोललास ना? मला दोन जणांनी विचारलंय, खरंच मुद्दाम केलंस का म्हणून. माझ्या बायकोला विचारलंय."

"नीलिमाने सांगितलं की."

"तिने सांगितलं. तू नाही."

विनयने गळ पाण्यात टाकला. "सांगतो" एवढं म्हटलं असतं तर भांडण मिटलं असतं, हे त्याला कळत होतं. पण टीम लीडरची ती जागा, डोनलचं ते हसणं, मानेवर अजून ओढणारी कातडी, सगळं आडवं आलं.

"नाही सांगणार," तो म्हणाला. "काय करशील?"

"काही नाही," ज्ञानेश म्हणाला. त्याने आपली गळाची काठी उचलली आणि खडकांवरून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. डोनलने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "जीझस, लॅड्स," एवढंच म्हणाला आणि गळाला आमिष लावायला लागला.

वर्षभरात ज्ञानेशला डब्लिनला नोकरी लागली आणि त्याने तिथल्या ओंगार भागात घर घेतलं. जाण्याआधी त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. फोन नीलिमाला आला, आमंत्रण तिला आणि तन्वीला होतं. ती गेली. परतली तेव्हा विनय बैठकीत बसला होता. टीव्ही लावलेला नव्हता.

"कोण कोण होतं?"

"सगळे."

"माझं काही विचारलं त्याने?"

नीलिमाने तन्वीचा कोट काढला, खुंटीला लावला.

"नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही विचारलं."