डाव्या पायाचा जोडा

नवे जोडे कुणी समोर ठेवले की ती आधी त्यांत हात घालायची, अगदी मनगटापर्यंत. डोळे मिटून आतून चाचपायची आणि म्हणायची, "उपाशी हायत. आधी माझा पाय खाऊ देत."

रोझ हिलमधल्या आमच्या गल्लीत सगळे तिला तांतीन म्हणत. आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत मावशीला तसंच म्हणतात. एकटी विधवा बाई, आमच्या शेजारच्या लाकडी घरात राहायची. लग्न ठरलेल्या मुलींचे नवे जोडे घरात घालून ती चालायची आणि हळदीपर्यंत मऊ करून परत द्यायची. तुम्ही म्हणाल, विधवेचा पाय नवरीच्या जोड्यात? आमच्या मराठी म्हाताऱ्याही तोंड वाकडं करून हेच म्हणायच्या, आणि दुपारी पदराआड लपवून नातीचे जोडे तिच्याकडे पोचवायच्या.

मग तिच्या घरातून टॉक टॉक सुरू. साडी वर खोचून, सोनेरी टाचांवर उभी राहून ती मासळी साफ करायची आणि जोड्यांना दटावायची, "दूसमां, दूसमां." म्हणजे हळू, बेतानं. ऐकून हसू यायचं. पण ज्या मुलीचे जोडे, तिच्यासारखीच तिची चाल होऊन जाई. एकट्या बाईच्या घरात दर लग्नाला वेगळीच कुणीतरी चालते आहे, असं वाटून मी लहानपणी कान झाकून घ्यायची.

माझं लग्न ठरलं ते सत्तरीच्या दशकाच्या शेवटी. मी पोर्ट लुईला सरकारी कचेरीत होते, मुलगा क्वात्र बॉर्नचा. मांडवातलं सगळं अनवाणीच, पण सिव्हिल लग्न आणि हॉलमधलं जेवण जोड्यांशिवाय कसं व्हायचं? लहानपणी वादळात पत्रा पडून माझ्या डाव्या पायाची दोन बोटं मोडली होती. नवा जोडा नेमका तिथं चावायचा आणि मी लंगडायची. सासरच्यांना ते ठाऊक होतं. तरी साऱ्या वऱ्हाडापुढून लंगडत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. आई म्हणाली, सपाट चपला घे. मी मोतिया रंगाचे, पुढं निमुळते, बेताच्या टाचेचे जोडे घेतलेच. लग्न काय रोज होतं!

तांतीननं डाव्या जोड्यात हात घातला आणि चटका बसावा तसा बाहेर काढला.

"हा लय उपाशी हाय गो."

"मग परत करू?"

"पा पेर, बेटी. भिऊ नको. ठेव हितं."

दुसऱ्याच दिवशी ती न्हाणीघरात पडली. अर्धांगाचा झटका, डावं अंग लुळं पडलं. तिला इस्पितळात नेलं, घराला कुलूप लागलं, किल्ली आईकडे आली. जोडे आतच राहिले.

त्यानंतरच्या दुपारी मी साडीला फॉल लावत बसले होते. शेजारून आवाज आला. टॉक. मग घासत येणारा दुसरा पाय. पुन्हा टॉक.

"आई, ऐकलंस?"

"उन्हानं लाकूड तडकतं," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. पण तिचा हात थांबला होता, आणि किल्ली घेऊन बघायला काही ती उठली नाही. मला बघायची गरजच नव्हती. ती माझी चाल होती, आणि मी तर खुर्चीत बसले होते.

मी इस्पितळात गेले. तिचा डावा पाय चादरीखाली ओंडक्यासारखा पडला होता.

"तांतीन, जोड्यांचं राहू दे आता."

तिचं वाकडं झालेलं तोंड हसलं. "चालताय गो मी. दूसमां, दूसमां."

मला रडू आलं. खरं सांगते, भीतीही तेवढीच वाटली.

दुपारचा आवाज येतच राहिला, फक्त त्यातलं घासणं कमी होत गेलं. हळदीच्या आदल्या दिवशी दोन्ही पाय सारखे वाजले आणि थांबले. थोड्या वेळानं ती गेल्याचा निरोप आला.

आईनं कुलूप काढलं. जोडे उंबऱ्याच्या आत, दाराकडे तोंड करून ठेवलेले होते. तळ घासले होते. डावा जोडा माझ्या मोडक्या बोटांच्या जागी फुगला होता. ते घालून मी हॉलभर सरळ चालले. सगळ्यांनी जोड्यांचं कौतुक केलं, पायाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

पुढचं आईनं मला सांगितलं ते माझी मुलगी शाळेत जायला लागल्यावर. तांतीनला शेवटची आंघोळ आईनंच घातली होती. त्या लुळ्या डाव्या पायाच्या दोन बोटांवर ताजे, टरारलेले फोड होते. आई घरी आली, माझ्यासाठी कालवून ठेवलेल्या हळदीतली थोडी घेऊन परत गेली, आणि ती त्या फोडांवर लावताना म्हणत राहिली, "दूसमां, दूसमां."