टेक्लावहिनीने भरलेल्या दोन ओळी

माझ्या भावाची बायको टेक्ला हिला आता गावात कुणी घराची किल्ली देत नाही. का देत नाही, ते लोक अगदी रंगवून सांगतात. सांगताना डोरीन पालामारचं नाव बरोबर गाळतात, आणि माझंही. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकावं.

माझा भाऊ नेस्टर प्लंबर होता. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या या कोपऱ्यात प्लंबरला हिवाळ्यात मरायलाही फुरसत मिळत नाही, आणि तो मेलाही जुलैतच. वहिनी बावीस वर्षं त्याच्या गाडीत शेजारी बसून हिंडलेली, तिला त्याच्याइतकंच कळायचं. त्याच्यामागे तिने पाने-पकडी विकल्या नाहीत. नोव्हेंबर लागला की आमच्याकडची निम्मी म्हातारी मंडळी ॲरिझोनाला पळतात आणि मार्चअखेरीस उन्हाने रापून परत येतात. त्यांची घरं वहिनी बघायला लागली. एकूण सात घरं होती.

बघायची म्हणजे कशी, तर जीव लावून. मालक निघायच्या आदल्या दिवशी ती हजर. पाण्याचा मेन कॉक बंद करायची, मग तळघरातल्या सगळ्यात खालच्या नळापासून एकेक नळ उघडून पाइप रिकामे करायची. संडासची टाकी कोरडी. मोऱ्यांच्या तोंडातून तो गुलाबी, न गोठणारा द्रव ओतायची, सिंकखालच्या कपाटांची दारं सताड उघडी ठेवायची, आणि घर गरम ठेवणारी फर्नेस बारा अंशांवर. पुढे पाच महिने रोज सकाळी घरोघरी आत जायचं, फर्नेस चालू आहे ना बघायचं, उत्तरेच्या भिंतीतल्या पाइपावर हात ठेवायचा. नुसतं बघायचं नाही, हात ठेवायचा. मग फ्रिजवर लावलेल्या कागदावर तारीख, वेळ, घरातलं तापमान आणि सही. विम्याची अटच तशी असते. मालक गावाला गेला असेल तर रोज कुणीतरी आत पाऊल टाकायला हवं, नाहीतर नळ फुटल्यावर भरपाई विसरा.

काही दीडशहाण्यांनी खिडकीत लाल दिवे बसवले होते. घर गार पडलं की दिवा पेटतो, शेजाऱ्याने रस्त्यावरून गाडीतूनच बघायचं. वहिनीचं डोकं फिरायचं ते बघून. "वीज गेली की दिवाही गेला. मग काय बघणार, पडदे?" असं ती तोंडावर विचारायची. पैसे ती घेत नसे. मार्चमध्ये सातही घरांतून मोसंब्यांच्या पेट्या यायच्या. वहिनीला मोसंबी सोसत नाही, ती सगळी आम्हीच हादडायचो. पण तिला पेट्या आलेल्या आवडायच्या. नेस्टर गेल्यावर मूल ना बाळ, आणि गाव तिच्या हाती आपली घरं सोपवून निर्धास्त जातं, एवढंच तिचं काय ते होतं.

डोरीन आणि मर्व्ह पालामार यांचं घर गावाबाहेर नऊ किलोमीटरवर. स्वतःची विहीर, स्वतःचा पंप. मर्व्हचे धान्याचे ट्रक आहेत, आणि माझा नवरा त्यातला एक चालवतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी जीभ का लुळी पडली ते विचारायला नको.

त्या वर्षी वहिनी मेन बंद करायला गेली तर डोरीनने हात धरला. "पाणी बंद नको करूस गं. हवेत ओल सोडायचं यंत्र लावलंय फर्नेसला, त्याला पाणी लागतं. नाहीतर माझ्या पियानोला तडे जातील."

"पियानो आमच्या हॉलमध्ये नेऊन ठेव," वहिनी म्हणाली.

"तुमच्या हॉलमध्ये तो दारातून तरी जाईल का?"

"मग पंप चालू राहणार. काही झालं तर विहीरच आत येईल, डोरीन."

"काही होत नाही. तू आहेस ना."

ते 'तू आहेस ना' ऐकून वहिनी विरघळली, आणि तिथेच चुकली. मी असते तर किल्ली टेबलावर ठेवून निघून आले असते. निदान आता तसं म्हणायला माझं काय जातंय.

जानेवारीत तीन दिवसांचं वादळ आलं. उणे छत्तीस, आणि वारा असा की समोरचं वहिनीचं घर मला दिसेना. पोलिसांनी हमरस्ता बंद केला. बुधवारी वहिनी निघालीच, अडथळ्यापाशी तिला परत पाठवलं. गुरुवारी परत गेली, परत पाठवलं. गावातली सहा घरं तिने कमरेइतक्या बर्फातून चालत जाऊन बघितली, सातवं राहिलं.

शुक्रवारी रस्ता उघडल्याबरोबर ती आली आणि म्हणाली, "इर्का, चल माझ्याबरोबर. मला एकटीला जाववत नाही." पालामारांच्या घराच्या बाजूने फर्नेसचा धूर सोडणारा पाइप बाहेर येतो, तो बर्फात पुरा गाडला गेला होता. धुराला वाट मिळाली नाही, फर्नेस बंद पडली, उत्तरेकडचा पाइप गोठून फुटला, आणि पंप इमानेइतबारे पाणी ओतत राहिला. स्वयंपाकघरात घोटाभर बर्फ होता. छताचा तुकडा खाली आलेला. पियानोचे पाय बर्फात रुतलेले. वहिनीने आधी पंपाचा खटका पाडला, मग हातमोजा काढून त्या फुटक्या पाइपावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मी तिला ओढून बाजूला केलं.

डोरीनला फोन लावला. दोघींना ऐकू येईल असा लावला, हे महत्त्वाचं आहे. डोरीन आधी रडली. मग तिचा आवाज बदलला. "कागदावर काय आहे?"

"बुधवार-गुरुवार रिकामे आहेत," वहिनी म्हणाली. "रस्ता बंद होता."

"अगं मग भरून टाक ना. तू रोज येतेसच. दोन ओळींनी काय होतं? नाहीतर ते लोक एक पैसा देणार नाहीत आम्हाला."

"मी आले नव्हते, डोरीन."

"आमचं घर गेलं टेक्ला, आणि तू ओळी मोजत बसलीस?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. माझे पाय थंडीने बधिर झाले होते आणि डोक्यात मर्व्हचे ट्रक होते. मी म्हटलं, "भर गं वहिनी. कुणाचं काय जातंय?" पेनही मीच पर्समधून काढून दिलं. तिने लिहिलं. बुधवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, बारा अंश. गुरुवार, नऊ वाजून दहा मिनिटं, बारा अंश. खाली सही, नेहमीसारखी सुबक.

पुढच्या आठवड्यात विम्याचा माणूस वहिनीकडे आला. लिंडक्विस्ट नाव, सस्कॅटूनचा, पोरगेलासा, बूट दारात काढून आत आला. मीही होते. वहिनीने खसखशीचा रोल केला होता, मी तो कापत होते. त्याने दोन तुकडे मनापासून खाल्ले, मग कागद काढला.

"बुधवारी नऊ दहाला गेलात. कोणत्या रस्त्याने, बाई?"

वहिनीने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मी दुसऱ्या एका कामाला आलो होतो," तो म्हणाला, "आणि मंगळवार रात्रीपासून शुक्रवारपर्यंत तुमच्याच गावच्या मोटेलात अडकून पडलो होतो. अडथळ्यापाशी दोनदा जाऊन आलो. एक गाडी सोडली नाही त्यांनी."

त्या पोरालाच वाईट वाटलेलं दिसलं. "या ओळी रिकाम्या असत्या ना, तर मी स्वतः लिहून दिलं असतं की रस्ता बंद होता, माणूस पोचणं शक्य नव्हतं. भरपाई मिळाली असती. आता हा कागद पालामारांनी दाव्याला जोडलाय आणि तो खोटा आहे. माझ्या हातात काही राहिलं नाही." मग त्याने विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं का असं लिहायला?"

मी रोल कापत राहिले. इतका बारीक रोल मी जन्मात कापला नसेल.

"नाही," वहिनी म्हणाली. "माझं मीच लिहिलं."

डोरीन विमानाने आली आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, "मी तिकडे दोन हजार मैलांवर. ती काय खरडत होती ते मला काय ठाऊक?" मी तिथेच होते, बोर्श्टचा, म्हणजे बीटच्या सुपाचा, वाडगा हातात धरून. नंतर दोनदा कोट चढवला मी, लोकांना खरं सांगायला निघाले. दोन्ही वेळा नवरा म्हणाला, "डोरीनला खोटी पाड आणि मग आपण काय बर्फ खायचा का?" दोन्ही वेळा कोट काढून ठेवला. पुढच्या ऑक्टोबरात एकेक जण वहिनीकडे येऊन किल्ली परत मागून गेला. कुणाची भाची बघणार होती, कुणी कुलूप बदलणार होतं. खरं कारण सांगायची हिंमत एकाचीही झाली नाही. वहिनीने प्रत्येकाला कॉफी पाजली.

मी गावाला शिव्या देत होते. मग डिसेंबरात माझ्या लेकीचं बाळंतपण आलं, दहा दिवस आम्ही दोघांनी कॅलगरीला जायचं ठरलं. विमा एजंटला फोन केला. त्याने सरळ साधं विचारलं, घर कोण बघणार, नाव सांगा. कुणी माझ्यावर दबाव आणला नव्हता, नवरा घरात नव्हता. वहिनीचं दार माझ्या दारापासून वीस पावलांवर. मी चार गल्ल्या पलीकडच्या बाईचं नाव दिलं, "ग्लॅडिस वोलोचुक."

परत आलो त्याच दिवशी वहिनी बोर्श्टचं पातेलं घेऊन आली. दारातच उभी राहिली.

"बाळ कसं आहे?"

"छान आहे. नेस्टरसारखं नाक आहे."

ती हसली. मग म्हणाली, "ग्लॅडिस रोज येत होती. गाडी चालूच ठेवून यायची, पण आत जायची. मी खिडकीतून बघत होते. रविवारी मात्र आली नाही."

मी फ्रिजवरचा कागद नुकताच बघितला होता. रविवारची ओळ भरलेली होती, सहीसकट.

"उणे चौतीस होतं रविवारी," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे किल्ली नव्हती. मग मी मागच्या भिंतीला कान लावून ऐकलं. तीनदा येऊन ऐकलं. फर्नेस चालू होती, काळजी करू नकोस."

तिचा डावा कान वरच्या कडेला थंडीने काळा पडला होता, सोललेला होता. मी म्हटलं, "वहिनी, आत ये, बस जरा."

"नको," ती म्हणाली. "पातेलं तेवढं रिकामं करून दे, मला लागतं."