नेरेइदाचा माइक

काबीमास या तेलविहिरींच्या गावात, तळ्याकाठी, नेरेइदा उर्दानेता रोज सकाळी रेडिओवर बोलायची. रेडिओ केंद्र वस्तीचं, पण यंत्रं सरकारने दिलेली. तेव्हा तेलाला सोन्याचा भाव होता आणि घरोघरी सरकारकडून फुकटचे फ्रीज येत होते. नेरेइदा माइकवर देशाच्या अध्यक्षांचे गोडवे गायची, तेही मनापासून. तिच्या आईचे डोळे त्याच सरकारच्या दवाखान्यात बरे झाले होते.

भाऊ एउदोमार मात्र संपावर गेला म्हणून तेल कंपनीतून हाकलला गेला होता. अध्यक्षांनी न्यायाधीश बदलून आपली माणसं बसवली, त्या दिवशी तो जेवता जेवता म्हणाला, "ताई, हे तुझ्या तोंडून ऐकू दे की लोकांना."

"फ्रीज भरलेला असताना न्यायाधीश कोणाला हवेत रे?"

"अगं, तेल विकून खाणाऱ्या सरकारला तुझ्या कराचा पैसा लागत नाही. आणि पैसा लागत नाही त्याला तूही लागत नाहीस."

"नोकरी गेली म्हणून जळतोयस मेल्या!" ती हसली. पुढे सरकारविरुद्ध बोललं म्हणून गावातलं दुसरं रेडिओ केंद्र बंद पाडलं, तेव्हाही ती गप्पच राहिली. एउदोमार चिलीला निघून गेला.

मग तेलाचा भाव कोसळला. फ्रीज होते, वीज नव्हती. नळ कोरडे पडले. शेजारीण बेलेन दारात येऊन रडली, "पोराला जुलाब होतायत गं, पाणी कुठून आणू?" दुसऱ्या दिवशी नेरेइदाने माइकवर एवढंच विचारलं, "महापौरसाहेब, पाणी कधी येणार?"

दुपारी शिपाई आले आणि यंत्रं उचलून घेऊन गेले. तिच्यावर द्वेष पसरवल्याचा आरोप ठेवला. यंत्रं परत मागायला ती न्यायालयात गेली. न्यायाधीश पक्षाचाच कार्यकर्ता होता. कागद न बघताच तो म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, बाई."

"मीठ तुमच्या बापाचं नव्हतं," ती म्हणाली. त्या वाक्यापायी तिला चार महिने कोठडीत काढावे लागले.

सुटून आली तेव्हा केंद्र पुन्हा सुरू झालं होतं. महापौरांची सून बोलत होती, नेरेइदाच्याच माइकवर. नेरेइदा समोरून आली की बेलेनसुद्धा रस्ता ओलांडायची. एकदा तिने बेलेनला गाठलंच. बेलेन खाली मान घालून पुटपुटली, "तुझ्याशी बोलले तर सरकारी धान्याची पेटी बंद करतील गं..."

नेरेइदाला रागवायचं होतं. पण राग आलाच नाही. दुसरं केंद्र बंद पाडलं, तेव्हा तिथली माणसं समोर दिसली की तीही अशीच रस्ता ओलांडून जायची.

"जा," ती म्हणाली, "पेटी सांभाळ."